उसातला आवाज

बसा, चहा येईस्तोवर माझी फजिती ऐका. अस्लमभाईंना मात्र विचारू नका, ते त्यात पदरचं घालतात.

मी आणि अस्लमभाई, आमची उभी हयात लाल झेंड्याखाली गेली. ऊसतोड मजुरांचे मोर्चे काढायचे, हेच काम. यंदा मोठ्या पक्षानं मला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं. म्हटलं, आत शिरून पक्षच बदलून टाकतो. तरी अस्लमभाई प्रचाराला मोटारसायकल घेऊन आले.

सकाळी शिरोळकडं गेलतो. धुकं असं की गाडीचं पुढचं चाक दिसेना. दोन्हीकडं ऊस, माणसाचा मागमूस न्हाय. आणि उसातनं कोणीतरी बोलायला लागलं.

आवाज माझा होता.

अस्लमभाईंनी गाडी बंद केली. आवाज म्हणत होता, "कारखान्याचे अध्यक्ष म्हणजे आपले मायबाप. मोर्चे काढून कुणाचं भलं झालंय?" मधला खोकलासुद्धा माझाच. मी तोंडाला हात लावून बघितला. ओठ मिटलेले.

"भाई, तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय की."

आवाज कधी डावीकडनं, कधी पाठीमागनं. बांधावर एक म्हातारी वैरणीचा भारा घेऊन उभी होती. मला बघून ती मागं सरली.

"आत्ताच तर बोलत बोलत पुढं गेलासा. परत हिकडनं कसं आलासा?"

तेवढ्यात धुक्यातनं भोंगा लावलेली रिक्षा आली. वर माझाच हात जोडलेला फोटो. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी धावत जाऊन भोंग्याची वायर उपसली.

"कॉम्प्युटरवर माझा खोटा आवाज बनवलाय. विरोधकांचं काम हाय हे."

गलका ऐकून गाव गोळा झालं. मला आणखी चेव आला. "गावकऱ्यांनो, असलं बोलणारा माणूस मी नव्हं. असला माणूस मत मागायला आला, तर त्याला दारातनं हाकला."

रिक्षावाला आमच्याच पक्षाचा निघाला; त्यानं गुमान मोबाईल पुढं धरला. कारखान्यावरचा रविवारचा सत्कार. डोक्याला फेटा, गळ्यात हार, आणि मी माईकवर हेच बोलतोय. एकही शब्द मला आठवत नव्हता. ओठ मात्र हलत होते.

कोणी हसलं न्हाय. म्हातारी तेवढी माझ्या पायांकडं बघत राहिली, सरळ हायत का उलटे.

निकालादिवशी कळलं, त्या गावात मला एकही मत पडलं न्हाय. माझं भाषण लोकांनी मनावर घेतलं, असं ते पहिल्यांदाच.