टाकीचं झाकण आणि सदामामा

दौंडहून आलेल्या माणसानं सदामामा गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी ट्रॅक्टरखाली उताणा पडून ग्रीस भरत होतो. "थांबा, हे एवढं मामांना विचारून..." असं बोलून गेलो, आणि मग कळलं, आपण काय ऐकलं ते. त्याला आता महिना झाला.

सदामामा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, म्हणून अख्ख्या दौंडचे होते. कान असे, की पाटसला इंजिन खोकलं तर दौंडात यांच्या कपातला चहा हिंदकळायचा! बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी इनामगावची आमची बैलजोडी विकून जुना, बुटका ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामांनाच सोबत नेलं. आठ ट्रॅक्टर त्यांनी नापास केले. नवव्याच्या इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "छाती साफ हाय. घे." ट्रॅक्टर एवढासा, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, मी शेळीवर बसून चाललोय. ओढ मात्र हत्तीची. माझे वडील, आबा, एवढंच म्हणाले, "तुला झेपायचं न्हाई. तुझ्या हातनं एकदा जरी बिघडलं, तर हे भंगारात आन् बैलं दावणीला."

भाद्रपदातला पोळा आला. गावभर शिंगं रंगली आणि आमचा गोठा रिकामा. आईचा चेहरा बघवेना. मग मी ट्रॅक्टरच घोड नदीवर नेला आणि बैलासारखा घासून धुतला. डिझेल किती उरलंय बघायला टाकीचं झाकण काढलं, मडगार्डवर ठेवलं, आणि उत्साहाच्या भरात वरून शंभर बादल्या ओतल्या. (शंभर म्हणजे, दहा-अकरा.) झेंडूची माळ घालून वाजतगाजत दारात आणला. आईनं पुरणपोळीचा नैवेद्य पुढे केला मात्र, पठ्ठ्यानं तीन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

रानात ज्वारीच्या पेरणीजोगी ओल होती ती फार तर चार दिवस. पहिल्या एसटीनं दौंड गाठलं. पंधरवड्यापूर्वीच ऑइल बदलून गेलेले मामा रजा टाकून पुन्हा आले. टाकीखालचा नट सोडला, तर म्हैस पाजावी एवढं पाणी! मामांनी टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आबा काठी टेकून शेजारीच उभे.

"ह्यानंच काय तरी केलं ना?"

"न्हाई आबा. मागल्या खेपेला झाकण मीच ढिलं सोडलं. पावसाचं पाणी गेलं. चूक माझी हाय."

"मग रेल्वे कशी चालती हो तुमच्या हातनं?"

"रूळ धरून चालती, आबा. माझा काय संबंध!"

टाकी पुसली, फिल्टर धुतला, नळीतली हवा काढली. दुपारी ट्रॅक्टर धडधडला आणि ओल असतानाच पेरणी झाली. कणसं अशी लागली, की पोपट एक कणीस दोघांत वाटून न्यायचे.

मग दर दोन महिन्यांनी मामा यायचे. ऑइल बदलायचे, बेल्ट ताणायचे, माझ्या हाताला वळण लावायचे. आज मी जे काही दुरुस्त करतो, ते त्यांच्याच हातानं करतो. आणि दर खेपेला आबा चहा पुढं करून विचारायचे, "सदाशिवराव, झाकण लावलं ना?" मामा दोन्ही खिसे चाचपून झाकण शोधल्यासारखं करायचे आणि हसायचे. एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही.

दौंडला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. परत आल्यावर आबा म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. झाकणाचं तेवढं..." मला राहवलं नाही. नदी, बादल्या, सगळं सांगून टाकलं आणि काठीची वाट बघत उभा राहिलो. आबांनी काठी भिंतीला टेकवली.

"इतकी वर्सं मी त्या माणसाला चहाबरोबर टोमणा पाजला..."

"मामांनीच तसं..."

"मामांनी न्हवं. तू पाजायला लावलास." ते उठले. "ट्रॅक्टर काढ. त्यांच्या घरी जाऊन सांगू. चुकी कुणाची व्हती ते."

आयुष्यात पहिल्यांदा आबा मडगार्डवर चढून बसले. मी किल्ली फिरवणार, तोच सवयीनं त्यांच्या तोंडून आलं, "सदाशिवराव, झाक..."

मी उतरलो. झाकण घट्ट आहे का, ते हात लावून बघितलं.