रेझिनवाल्या काकू

शेजारच्या काकू हातात आलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी नख दाबून बघत. लग्नातल्या वरमाळा वाळवून त्या ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक इपॉक्सी रेझिनमध्ये जपून ठेवायचं काम त्या घरीच करत, आणि नख उमटलं तर वस्तू गिऱ्हाइकाला देत नसत. आमचा अख्खा बुधवारा मोहल्ला त्यांना 'रेझिनवाल्या काकू' म्हणे.

एकदा मे महिन्यात एक नवी नवरी तिच्या वरमाळेची रेझिनची तबकडी वाकली म्हणून घेऊन आली. "काकू, ये तो टेढ़ी हो गई."

"गाडीत ठेवली होतीस ना, काचेमागं?" काकू हसल्या. "दिसतं काचेसारखं, पण काच नाही ते. तापलं की नरम पडतं." त्यांनी तबकडी गरम पाण्यात धरली, फरशीवर ठेवली, वर पाटा ठेवला. निवल्यावर ती सरळ झाली. पावसाळ्याला मात्र त्या भीत. "ऊन दिसतं तरी. ओल गुपचूप आत शिरते," म्हणत.

काका पेपर मिलमधून निवृत्त झालेले. कुंडीतला मोगरा ते रोज सकाळी काकूंच्या टेबलावर ठेवत. चैत्रात एका सकाळी फुलं ठेवून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. काकू रडल्या नाहीत. तेराव्यानंतर त्या वाळलेल्या फुलांवर त्यांनी रेझिन ओतलं आणि ती वडी खिडकीत ठेवली. मेचं ऊन त्या वडीनं सोसलं. लोक म्हणाले, "बाई घट्ट आहे." मलाही तसंच वाटलं.

पावसाळाभर खिडकी उघडीच राहिली. वडी पांढुरकी झाली. मग ऑक्टोबरात, मेपेक्षा कितीतरी कमी उन्हात, ती मधोमध खचली.

"आत पाणी मुरलं की थोड्या उन्हातही दम सोडते," काकूंनी गिऱ्हाइकाला सांगावं तसं मला सांगितलं.

"मग वाळवून सरळ करू या ना. मी पाटा आणते."

"राहू दे गं. लोकांच्या करते मी. हिचं काही करावंसं वाटत नाही."

मी चहाचे कप उचलून विसळायला नेले.

दिवाळीआधी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. साचे, डबे सगळं इथंच राहिलं. वाकलेली वडी तेवढी पदरात धरून त्या रिक्षात बसल्या.

परवा मी फोन केला.

"बरी आहे गं. इथं एसी आहे. सगळं कोरडं असतं." मग त्यांनी विचारलं, "तिकडं ऊन आहे का?"

"आहे, काकू."

"बरं."

दोघींनीही फोन ठेवला नाही; तो कानाशी धरूनच मी खिडकीतल्या उन्हात जाऊन उभी राहिले.