पालखी काल येऊन गेली

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात न्यूझीलंडच्या विमानतळावरून दादाचा फोन. "विमानात बसतोय. उद्या सकाळी घरी. पालखी उद्या रात्री ना?"

अर्धा चहा ओट्यावर सांडला. पालखी आज होती.

"तुझ्याच साइटवर बघितलं की!" मी काही सांगायच्या आत तोच म्हणाला, आणि फोन बंद.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कुणाच्या घरी कधी, हे सांगणारी साइट गावासाठी मीच केली होती. माणगावपासून आत आमचं गाव, पण निम्मं बाहेरगावी. वेळ जागतिक घड्याळात साठवायची आणि ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवायची, हा आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याचा पहिला धडा. मी तो इमानेइतबारे गिरवला. आमच्याकडे पालखी रात्री आठला येते. दादाकडे तेव्हा मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. आणि सुटसुटीत दिसावं म्हणून मी नुसती तारीख दाखवलेली. अतिशहाणी!

बाबांना जाऊन वर्ष सरलं होतं. अंगणात पालखीला पहिला खांदा घरच्या थोरल्याचा. बाबा नेहमी पुढे, उजवीकडे असायचे. ती जागा आता दादाची.

दिवसभर माझा पाय एका जागी ठरेना. गावकीच्या काकांकडे दोनदा जाऊन आले. "उद्या आणा ना आमच्याकडे."

"फेरा ठरलाय गो बाय. देव कुनासाठी थांबत न्हाय."

त्यांचं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले. घरी येऊन साइट दुरुस्त केली. आता प्रत्येक घराच्या नावापुढे गावची साधी तारीख, जगात कुठूनही बघा, तीच दिसणार. वरातीमागून घोडं. आईला सांगायचा धीर होईना. सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत राहिली. तिने ओरडायला हवं होतं.

रात्री पालखीपुढचा खालूबाजा वाजत अंगणात आला. "खांदा कोन देनार?" काकांनी विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि पुढे झाले. पालखी वाटली होती त्याहून जड निघाली.

सकाळी दादा आला, पाठीवर बॅग तशीच. अंगणभर गुलाल पडला होता. आईने मला झाडूला हात लावू दिला नव्हता. तो फाटकातच थांबला.

"काल?"

मी मान हलवली. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने बूट काढले, वाकून चिमूटभर गुलाल कपाळाला लावला.

"तू कुठे होतीस?"

"पुढे," मी म्हणाले. "उजवीकडे."