दोनदा बाटलेली विहीर

घर विकत घ्यायला निघालेला माणूस काय बघतो? कौलं बघतो, वासे ठोकून बघतो, विहिरीत डोकावून "पाणी आहे हो" म्हणतो आणि पान जमवायला बसतो. संडासाचा खड्डा कुठं खणलाय, हे कुणी विचारत नाही. विचारायची लाज वाटते. शिळफाट्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याच्या गावात कमळाकरनं ह्याच लाजेच्या भरवशावर आपलं घर विकायला काढलं. पण गिऱ्हाईक त्याच्या गळ्यात पडलं ते चंद्रभागेचं.

चंद्रभागा रसायनीला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायची. नवरा रेल्वेत होता, तो वारला. मागं मूलबाळ नाही. मिळालेला पैसा न पैसा तिनं राखून ठेवला होता. भाऊ पांडू म्हणायचा, "अगं ताई, मोहोपाड्याला चांगली खोली मिळंल. त्या गावात कशाला मरायला जातेस?" ती म्हणायची, "मला घर नको रं. मला ती विहीर पायजे."

त्या विहिरीचं आणि तिचं जुनं वैर होतं. खरं म्हणजे विहिरीचं काहीच नव्हतं, कमळाकरचं होतं. चंद्रभागा लहान असताना ह्याच गावाच्या कडेला त्यांचं झोपडं होतं. वैशाखातला दिवस, घशाला कोरड. पोरीनं रहाटाच्या दोराला हात लावला. कमळाकर तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला गडी, पण मिजास बापाच्या वर. त्यानं तिचं मडकं फोडलं, विहीर बाटली म्हणून बोंब ठोकली आणि गडी लावून विहीर उपसून घेतली. उपसा होईतो पोरीला आणि तिच्या आईला, पारूबाईला, उन्हात बसवून ठेवलं. पोर पाणी मागायला लागली, तर हा हसून म्हणाला, "नदी कुठं आटलीय?" नदी कोसभर खाली होती.

त्या पावसाळ्याआधीच बापानं बिऱ्हाड हलवलं. पुढं त्यानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीला दिले. राग काही नदीला देता येत नाही. चंद्रभागेनं तो लोणच्यासारखा मुरवला, आणि मुरलेलं लोणचं टिकतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी श्रावणात कमळाकरचा सांगावा आला. मुलगा कल्याणला स्थायिक झालेला, आता सगळंच बिऱ्हाड तिकडं जायचं होतं. गावातलं कुणी घर घेईना, हे त्यानं सांगितलं नाही. चंद्रभागेला ती विहीर हवी आहे, हे त्याच्या कानावर होतं. ओटीवर बसून तो शेजारच्या नागूला म्हणाला होता, "त्यांला काय, मिळालं तेच लय." हे वाक्य नागूनं पुढं तिला सांगितलं. लोक अशी वाक्यं बरी लक्षात ठेवतात.

ती पांडूला घेऊन घर बघायला आली. पाऊस मुसळधार. विहीर वरच्या चिऱ्यापर्यंत भरलेली. श्रावणात आपल्याकडं खड्डासुद्धा विहीर होतो, त्यात नवल नाही. कमळाकर कौतुक सांगत होता: मुलानं मुंबईसारखा संडास बांधलाय, साखळी ओढली की काम झालं. तेवढ्यात त्याची सून गोदूबाई डोक्यावर इरलं आणि कमरेवर हंडा घेऊन चिखल तुडवत फाटकातून आत आली. नागूच्या विहिरीवरून पाणी आणत होती.

दारात विहीर तुडुंब, आणि घरातली सून भर पावसात शेजाऱ्याचं पाणी वाहते. चंद्रभागेनं घराला एक चक्कर मारली. मागच्या बाजूला, विहिरीच्या चढाला, हाकेच्या अंतरावरसुद्धा नव्हे, अगदी डोक्यावर, केळी माजल्या होत्या. केळींच्या बुडाशी फरशा होत्या. खालच्या अंगाला कातळ लागतो, तो फोडायला नको म्हणून कमळाकरनं खड्डा वरच्या मऊ मातीत खणून घेतला होता. आता पाणी जमिनीवर उताराला धावतं, ते जमिनीच्या पोटात काय चढाला जाणार? पावसात खड्डा भरायचा आणि सगळं मुकाट विहिरीत उतरायचं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख. इतकी वर्षं जिच्यावर जीव ठेवला तिची ही गत. दुसरं आलं ते मात्र सुख होतं, आणि ते तिनं लपवलं.

नवरात्रात बोलणी ठरली. पांडू होता, साक्षीला नागू होता. व्यवहार जुळला की विकणाऱ्यानं आपल्या घरचं पाणी द्यायचं, घेणाऱ्यानं प्यायचं, अशी तिथली रीत. गोदूबाई आतून तांब्या घेऊन आली.

"ह्ये नागूदादाचं पानी हाय," चंद्रभागा म्हणाली. "मी ह्यांची विहीर घेतंय, नागूदादाची नाय. हितलं शेंदा."

कमळाकर म्हणाला, "पावसाचं जरा गढूळ हाय गं. दिवाळीपतूर निवळंल."

"मग गढूळ चालंल. पर आधी तुमी प्या. तुमच्या घरची रीत मला ठाव हाय, आमच्या हातचं उष्टं तुमाला चालायचं नाय."

नागूनं मान खाली घातली. पाणी शेंदलं गेलं. कमळाकरनं तांब्या हातात घेतला. माघार घेतली तर गेलीच अब्रू. त्यानं तो ओठाला लावला, आणि इतका वेळ दाराआड उभी असलेली गोदूबाई बाहेर आली.

"मामंजी, नका पिऊ. माझं पोर त्याच पान्यानं मरता मरता वाचलंय."

कमळाकरनं तांब्या खाली ठेवला. सुनेनं सासऱ्याला चारचौघांत तोंडावर पाडलं, असं गाव पुढं म्हणालं. आपल्याच घाणीचं पाणी तो दुसरीला पाजायला निघाला होता, हे म्हणायला गावाला जरा वेळ लागला.

पांडू उठला. "चल ताई." ती उठली नाही.

"घर मी घेतंय," ती म्हणाली. "पर खड्डा हितून हलवायचा. खालच्या अंगाला, कातळ फोडून, विहिरीपास्नं लांब. आनि वैशाखात विहीर उपसून द्यायची. विहीर बाटली तर उपसायची असती, ह्ये तुमीच शिकवलंत."

कमळाकर कबूल झाला. न होऊन करतो काय? दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि मुलगा कल्याणहून घाई करत होता. त्या हिवाळ्यात कातळ फुटला, नवा खड्डा झाला, जुना उपसून मातीनं बुजवला.

वैशाखात इंजिन लावून विहिरीचं पाणी काढलं. तळाला काळा गाळ उरला. गडी काठावर आले, वाकून बघितलं, वास घेतला आणि मागं सरले. त्यांतला थोरला शुक्रा म्हणाला, "शेट, ही घान तुमच्या घरची. आमी नाय उतरायचो." दुप्पट मजुरी सांगितली तरी कुणी हललं नाही.

चंद्रभागा आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती. खुर्ची तिनं मोहोपाड्याहून टेंपोत घालून मुद्दाम आणली होती. तिनं कमळाकरकडं बघितलं.

कमळाकर धोतर खोचून खाली उतरला. घमेल्यामागून घमेलं वर येत राहिलं. उतरती उन्हं होईतो तो आपल्या घरचा गाळ आपल्या हातानं उपसत होता आणि गाव कुंपणाला टेकून बघत होतं. पांडूला दया आली, तो म्हणाला, "बास कर गं आता." तिला दया आली नाही. आईचं उन्हात बसलेलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते काही केल्या सावलीत यायला तयार नव्हतं.

तळाचा झरा मोकळा झाला. स्वच्छ पाणी बुडबुडत वर येऊ लागलं. चंद्रभागेनं पहिली कळशी स्वतः शेंदली. पांडूला दिली, नागूला दिली, गोदूबाईला जवळ बोलावून तिच्या ओंजळीत ओतली. शुक्राचे गडीही प्याले.

कमळाकर वर आला. अंगभर चिखल, ओठ सुकलेले. आंब्यापर्यंत आला आणि म्हणाला, "चंद्रा, घोटभर पानी दे गं."

कळशी तिच्या मांडीवर होती, निम्मी भरलेली.

"नदी कुठं आटलीय?" ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग त्याला आठवलं. आठवलेलं तोंडावर दिसलं. तो वळला आणि नदीच्या वाटेला लागला. ती कळशी धरून बसून राहिली, तो पार खाली, वळणाआड दिसेनासा होईपर्यंत. मग तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.