थोरल्या दिराचं नाव पाच ओळींत

माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, कापूस वेचता वेचता कुणावरही पाच ओळी जुळवतात. हसनाबादेत हे सगळ्यांना ठाऊक. कुणाची चप्पल तुटली, कुणाचा बैल अडून बसला, की झालंच! बायका पोट धरधरून हसतात अन् वेचणी राहते बाजूला.

मला मात्र नवल वाटायचं. बी.ए.ला इंग्रजीत लिमरिक नावाचा प्रकार होता, तोही पाचच ओळींचा. पहिल्या दोन अन् शेवटच्या ओळीचं यमक एक, मधल्या दोन आखूड ओळींचं निराळं. मग हे आमच्या कापसात आलं कुठून? एक दिवस वेचता वेचता विचारलंच.

"कुठून यायचं? तोंड हाये, चालतंय," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या इंग्रजांचं सांग बरं."

मी सांगितलं. आयर्लंडात लिमरिक नावाचं शहर आहे. म्हणतात, बैठकीत एकेक जण कडवं रचायचा अन् मधूनमधून सगळे मिळून 'लिमरिकला येता का' असं गायचे, त्यावरून नाव पडलं. खरं-खोटं नक्की कुणालाच माहीत नाही. पहिल्याच ओळीत बहुतेकदा माणूस अन् त्याचं गाव येतं.

"गावासकट? अन् तो माणूस रुसला मंग?"

"तोही उलट रचत असेल की!"

"मंग बराबर हाये," म्हणाल्या, अन् तिथंच खणखणीत सुरू झाल्या:

हसनाबादचे अप्पाराव थोर,
घोरायला लागले की लई जोर;
म्हैस बुजली दारात,
गलका झाला घरात,
उठून हेच वरडले, "धरा रे चोर!"

एकही बाई हसली नाही. अहो, अप्पाराव म्हणजे त्यांचे थोरले दीर! आमच्याकडं त्या पिढीची बाई थोरल्या दिरासमोर पदर सावरते, नाव तर चुकूनही घेत नाही. अन् अप्पाराव नेमके बांधावर उभे. तसेच पाठ फिरवून निघून गेले.

सासरे गेल्यापासून ते रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. पेरणी असो की पोरांची सोयरीक, सल्ला त्यांचाच. ते यायचेच बंद झाले. सासूबाईंना घास जाईना. "काय दुर्बुद्धी सुचली गं मला! एकच वडीलधारं माणूस राह्यलं होतं." मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "तू अन् तुझं ते आयर्लंड!" घ्या! कापसात आता कुणी ब्र काढत नव्हतं, अन् मला ते बिलकुल सहन होत नव्हतं.

मग एका संध्याकाळी अप्पाराव अंगणाबाहेर येऊन उभे राहिले. कपाळाला आठ्या. सासूबाई लगबगीनं दाराआड गेल्या.

"मनीषा, सांग तिला," ते म्हणाले, "मी बी रचून राह्यलो. चार ओळी झाल्या, पाचवी काही केल्या जमंना. अर्धवट घेऊन कसं यावं माणसानं?" अन् घसा खाकरून म्हणाले:

आमच्या घरची गिरिजा भारी,
हसवून सोडती मंडळी सारी;
कापूस राहतो बोंडात,
शब्द नाचती तोंडात...

अन् थांबले. दाराआडून आवाज आला, भरलेला, पण यमकात पक्का:

"अन् भाऊजी का येईनात आमच्या दारी?"

अप्पारावांनी चपला काढल्या.