गुलाबाची छाटणी

दसरा झाला की गुलाब छाटायचे. शेजारच्या मालतीकाकू छाटत होत्या आणि मी कुंपणापलीकडून पाहत होते. त्या फांद्या नव्हे, कलमाच्या जोडाखालून अख्खं झाडच कापत होत्या.

"काकू, असं कापलंत तर नुसता रानटी खुंट फुटेल!"

"माहीत आहे. यांनीच शिकवलंय. मी एखादं फूल तोडलं की बोटं पिरगाळायचे."

लकवा झालेले काका खिडकीपाशी खुर्चीत होते. हलत होते ते फक्त डोळे, आणि ते भरून आले होते. झाडांना इतकं जपणारा माणूस घरातल्या माणसाला का जपत नसेल?

काकू आत गेल्या. काकांचे डोळे पुसतील, असं वाटलं. त्यांनी काकांची कललेली मान उशी लावून नीट बागेकडे वळवली आणि बाहेर येऊन पुढचं झाड कापायला घेतलं.