मदतीची खिडकी

हल्ली कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मदत मागा, आधी अर्धं इंटरनेट खाली उतरतं. वैताग नुसता. अशा वेळी मला मुरुडचं मावशीचं लॉज आठवतं. आता मावशीही नाही आणि लॉजही.

काका गेले तेव्हा तिचा पनवेलचा मुलगा लॉज बंद कर म्हणून मागे लागला. तिला नारळाची वाडी सोडून जायचं नव्हतं. खोल्या, जेवणं, बिलं सगळं काका बघायचे. ते तिला जमावं म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहून दिला.

कॉम्प्युटर काकांचाच, म्हातारा. त्यावर ब्राउझर उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून मदतीची माहिती दाखवायला मी जड काही घातलंच नाही. ‘मदत’ बटण दाबलं की एक खिडकी, डावीकडे विषय, उजवीकडे साधा टेक्स्ट बॉक्स. झटकन उघडायची. काय खूश होतो मी स्वतःवर! मजकूरही तिच्याशी बोलल्यासारखा लिहिला होता: पाहुणा आधीच निघाला तर घाबरू नकोस, इथे दाब.

बरेच दिवस तिचा फोन नाही. म्हटलं, जिंकलो. सुट्टीत गेलो तर मावशी फुगलेली. पाण्याचा पेला समोर आदळला. म्हणाली, मी रोज लिहिते, तू एकाचंही उत्तर देत नाहीस, त्यापेक्षा जाते आपली पनवेलला.

कुठे लिहितेस, विचारलं. तिने मदतीची खिडकी उघडली. कपाळ माझं! टेक्स्ट बॉक्स फक्त वाचण्यापुरता ठेवायचा, त्याला कुलूप घालायचं राहिलं होतं. मजकुराखाली कर्सर लुकलुकत होता. मदत तिथेच मागायची, असं धरून बाई रोज टाइप करत होती. खिडकी मिटली की तिचं लिहिलेलं गायब व्हायचं. गेलं म्हणजे मला पोचलं, असा तिचा हिशोब.

हसू आलं, ते गिळलं. कुलूप म्हणजे एका ओळीचं काम. ती ओळ लिहिता लिहिता सहज विचारलं, काय लिहिलं होतंस गं?

“पहिल्यांदा बिलाचंच विचारलं,” ती म्हणाली. “मग म्हटलं, तू वाचतोयस, तर मनातलंही लिहिलं. पाहुण्यांना वाढते रे, पण तुझे काका गेल्यापासून एकटीच्या घशाखाली घास उतरत न्हाय.”

माझे हात थांबले.

“वाचलं गं मी,” मी खोटंच बोललो. “उत्तर द्यायचं राहिलं.”

मग उठलो, आत जाऊन दोन ताटं वाढली आणि तिला समोर बसवलं. ती पोटभर जेवली.